जोड कमरेखाली नको : गोराईतल्या एका छोट्या कॅरव्हानचं प्रकरण

बोरिवलीतलं चौघांचं घर. काका, काकू, त्यांची मुलगी आणि नऊ वर्षांची नात. यांनी हौसेने गाडीमागे जोडून ओढायची एक छोटी कॅरव्हान बांधून घेतली. आतली रुंदी ६ फूट ४ इंच, लांबी साधारण १३ फूट. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती उभी करायचा विषयच नव्हता, म्हणून ती गोराईला नातेवाइकांच्या वाडीत असते. माणसं फेरीबोटीने खाडी ओलांडून जातात, गाडीला मात्र भाईंदर-उत्तनचा वळसा पडतो. सुट्टीत कोकणात उतरायचं आणि एरवी शनिवार-रविवार वाडीतच मुक्काम ठोकायचा, असा बेत होता. राज्य सरकारने २०२१ साली कॅरव्हान पर्यटनाचं धोरण आणल्यापासून अशी हौस असलेली माणसं मला अधूनमधून भेटतात. त्यांतल्या बऱ्याच जणांची हौस पहिल्या दोन-तीन रात्रींतच ओसरते, आणि कारण एकच, झोप लागत नाही.

माझं काम लहान घरांच्या फर्निचरचं. वन रूम किचनमध्ये सहा माणसांची झोपायची सोय कशी करायची, असल्या प्रश्नांवर माझं पोट चालतं. त्यामुळे काकांनी मला बोलावलं ते फक्त ‘चांगली गादी सुचवा’ एवढ्यासाठी. तोवर घरच्यांनी दोन गाद्या घेऊन झाल्या होत्या आणि दोन्ही फसल्या होत्या.

आतली मांडणी

पुढच्या भागात समोरासमोर दोन बाक, प्रत्येकी २४ इंच रुंद आणि ५४ इंच लांब. दोन्हींच्या मधे २८ इंच मोकळी जागा, तिच्यात टेबल. दिवसा इथेच जेवण, पत्ते आणि नातीचा गृहपाठ. रात्री टेबल खाली उतरवून बाकांच्या कडेला ठोकलेल्या पट्ट्यांवर टेकवायचं, पाठीच्या दोन गाद्या काढून त्या टेबलावर मांडायच्या, की ७६ बाय ५४ इंचांचा पलंग तयार. काका-काकू त्यावर आडवे, म्हणजे एका बाजूच्या भिंतीकडे डोकं आणि दुसऱ्या भिंतीकडे पाय करून झोपतात. मागे एकावर एक दोन बंक, २४ बाय ६८ इंचांचे. खाली मुलगी, वर नात.

मांडणी ब्रिटिश कॅरव्हानांवरून उचललेली आहे आणि ती वाईट नाही. इतक्या कमी जागेत बसणं, जेवणं आणि झोपणं एकाच ठिकाणी बसवायचं तर दुसरं फारसं काही सुचणारही नाही. पण ती थंड हवेच्या देशात जमलेली गोष्ट आहे. गोराईच्या दमट, खाऱ्या हवेत ती जशीच्या तशी उचलली की कुठे कुठे कुरकुरणार, हे बांधणाऱ्याने बघायला हवं होतं.

तक्रारी अशा. काकूंची कंबर सकाळी धरलेली असायची, सरळ उभं राहायलाच पाच-दहा मिनिटं जायची. काकांना रात्री उठावं लागतं, आणि ते पुढच्या भिंतीकडे झोपत असल्याने प्रत्येक वेळी काकूंना ओलांडून यावं लागे. मुलीच्या बंकला कुबट वास. नातीची तक्रार काहीच नव्हती, तिला वरचा बंक म्हणजे राज्य वाटत होतं. मला मात्र सगळ्यात जास्त घोर तिचाच लागला, कारण त्या बंकला कठडाच नव्हता.

पहिला उपाय म्हणून घरच्यांनी कापसाची गादी करून घेतली होती. ती पलंगाच्या मापाची, उचलायला दोन माणसं लागणारी आणि दिवसा कुठेही न मावणारी. शिवाय कापूस ओल धरतो, त्याला ऊन दाखवावं लागतं, आणि जुलैत ऊन आणायचं कुठून? मग आला दोन इंचांचा मेमरी फोमचा थर. त्याचं वजन जवळजवळ सात किलो, गुंडाळी करून ठेवली की न्हाणीघर बंद. मेमरी फोम उष्णतेने मऊ होतो, त्यावरच त्याचं सगळं काम चालतं. ऑक्टोबरच्या उकाड्यात तो इतका मऊ झाला की काकू त्यात रुतल्या आणि खालच्या फटी पुन्हा टोचायला लागल्या. अंगाखाली हवाही खेळेना. “उपाशी राहू, पण या फोमवर नको,” असं काकूंनी जाहीर केलं होतं.

खडूच्या खुणा

गादीबद्दल बोलायच्या आधी मला माणसं कुठे झोपतात ते बघायचं होतं. भर दुपारी काकूंना पलंग मांडायला लावला, वर एक जुनी गडद चादर घातली आणि काका-काकूंना नेहमीसारखं कुशीवर झोपायला सांगितलं. काकू हसत सुटल्या, वाडीतली मंडळी खिडकीतून डोकावायला लागली. दोघांच्या खांद्याखाली, कमरेच्या हाडाखाली आणि गुडघ्याखाली चादरीवर खडूने रेघा मारल्या. मग दोघांना उठवलं, चादर सरळ केली आणि टेपने उशाच्या भिंतीपासून अंतरं घेतली.

काकांची उंची ५ फूट ८ इंच, काकू ५ फूट १ इंच. काकांच्या कमरेची रेघ भिंतीपासून ३७ इंचांवर, काकूंची ३३ वर. आता गाद्यांचे जोड बघा. पहिला बाक संपतो २४ इंचांवर, तिथे एक जोड. दुसरा बाक सुरू होतो ५२ वर, तिथे दुसरा. आणि मधल्या २८ इंचांत पाठीच्या दोन गाद्या प्रत्येकी १४ इंचांच्या, म्हणजे तिसरा जोड ३८ इंचांवर. काकांच्या कमरेपासून बोटभर अंतरावर आणि काकूंच्या कमरेपासून वीतभराच्या आत, पलंगाच्या बरोबर मध्यभागी दोन बोटं रुंद फट.

फट एकवेळ चालली असती. पण मधल्या गाद्या मुळात पाठ टेकायला केलेल्या. बाकाच्या गाद्या पाच इंची, या चार इंची, आणि आतला फोमही जास्त मऊ. झोपलेल्या माणसाचं जवळजवळ निम्मं वजन धडाचं असतं. ते सगळं वजन एक इंच खोल, मऊ आणि मधून फाकणाऱ्या जागेवर, तर खांदे आणि पाय त्याहून उंच, टणक बाकांवर. त्याच्याही खाली टेबलाचा १२ मिलिमीटरचा प्लाय, दोन्ही कडांना टेकलेला आणि मधे लवणारा. काकूंची कंबर रात्रभर खड्ड्यात होती. वर कुठलीही गादी टाकली असती तरी तिने तो खड्डा झाकला असता, भरला नसता.

आणखी एक बारीक गोष्ट हाताला लागली. बाकाच्या गादीची पुढची कड बसल्यावर गुडघ्याखाली आधार मिळावा म्हणून थोडी फुगीर, गोलसर शिवलेली होती. दिवसा ती छान. रात्री दोन्ही कडा नेमक्या जोडांवर येत, म्हणजे खड्ड्याच्या दोन्ही काठांना उंचवटे. त्या गाद्या रात्री फक्त उलट्या फिरवल्या की फुगीर कड भिंतीकडे जाते, एक उशीखाली आणि एक पायांच्या पलीकडे. यात एक पैसाही खर्च नव्हता, तरी तेवढ्याने त्याच रात्री थोडा फरक पडला.

काय बदललं

मुख्य बदल कागदावर बघितला तर हास्यास्पद वाटेल इतका लहान आहे. पाठीच्या १४-१४ इंचांच्या दोन गाद्यांऐवजी एक २० इंचांची आणि एक ८ इंचांची केली. मोठी उशाच्या बाजूला. आता जोड येतात २४, ४४ आणि ५२ वर. काकांची ३७ आणि काकूंची ३३ ची रेघ, दोन्ही त्या एकसंध २० इंचांत पडतात. ४४ वर मांड्या येतात आणि मांडीला जोडाचं फारसं काही वाटत नाही. काकूंचा २४ चा जोड बरगड्यांच्या खालच्या टोकाशी येतो, तिथे कुशीवर झोपल्यावर भार कमीच असतो. अट एकच, दोघांची डोकी एकाच बाजूला हवीत. मोठ्या गादीच्या उशाकडच्या कोपऱ्यावर एक पांढरं बटण शिवून घेतलं, म्हणजे रात्री दिव्याच्या मिणमिणत्या उजेडातही दिशा चुकत नाही.

दिवसा २० इंचांची गादी एका बाजूला पाठीशी लागते. तिची वरची कड खिडकीच्या चौकटीला दोनेक इंच झाकते आणि पडदा तिथे अडकतो. काकू यावर अजून नाराज आहेत. दुसऱ्या बाजूला फक्त ८ इंचांचा ठोकळा उरतो, आणि त्यावर पाठ टेकणार कोण? इथे लोड कामाला आले. त्याबद्दल पुढे.

सगळ्या गाद्या एकाच फोमच्या, एकाच जाडीच्या केल्या: पाच इंच, ४० डेन्सिटी. दुकानात ‘४० डेन्सिटी’ म्हटलं की माणसं कडक गादी समजतात. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन किलोत. ती जास्त असली की फोम लवकर बसत नाही, एवढंच. कडकपणा हा वेगळा हिशोब, आणि एकाच डेन्सिटीत मऊ आणि कडक दोन्ही मिळतात. तेव्हा आकडा ऐकून घेऊ नका, तुकड्यावर गुडघा टेकवून बघा. काकूंना डॉक्टरांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी ‘कंबर दुखते ना, मग फळीवर झोपा’ असं सांगितलेलं. २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्पेनमधल्या कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांचा अभ्यास छापून आला होता. त्यात कडक गादीवाल्यांपेक्षा मध्यम कडक गादीवाल्यांना जास्त आराम पडलेला दिसला. आम्ही मध्यमच घेतला. पूर्ण पलंगाचा फोम साडेतेरा किलो भरला, म्हणजे कापसाच्या गादीपेक्षा खूपच हलका. गाडीला मागून ओढायच्या गोष्टीत प्रत्येक किलो मोजावा लागतो.

गादीवाल्याला एक गोष्ट आवर्जून सांगितली. फोम खोळीपेक्षा अर्धा इंच मोठा काप. म्हणजे खोळ ताणलेली राहते, गाद्या एकमेकींना दाबून बसतात आणि फट उरत नाही. खोळी जाड सुती कापडाच्या, खालच्या बाजूने चेनच्या, कापड मंगलदास मार्केटमधून. आधीच्या रेक्झिनच्या होत्या. रेक्झिन पुसायला सोपं, पण घाम मुरत नाही आणि चादर रात्रभर घसरत राहते.

टेबलाला पलंगाच्या कामातून सुट्टी दिली. त्याजागी पाइनच्या २८ इंची पट्ट्या, तीन इंच रुंद, मधे दीड-दीड इंचाची जागा सोडून खालून नवारीच्या फितीने जोडल्या. बारा पट्ट्यांची ही माळ गुंडाळून बाकाखाली राहते. रात्री एका हाताने उलगडली की बाकांच्या कडेच्या पट्ट्यांवर बसते. ती मधे लवत नाही आणि तिच्यातून हवा जाते.

ओल आणि वास

मुलीच्या बंकची गादी उचलली तर खालच्या प्लायवर तिच्या पाठीच्या आकाराचा काळपट डाग. बुरशी. इंग्लंडात कॅरव्हानमध्ये गादीखाली पाणी साचतं ते थंडीमुळे. बाहेर गार, आत ऊबदार, मग गार पृष्ठभागावर दव धरतं. आपल्याकडे महाबळेश्वरला डिसेंबरात तसं होईलही. गोराईत मात्र कारण घाम आहे. माणूस रात्रभरात श्वासातून आणि घामातून पाव लिटरच्या आसपास पाणी सहज सोडतो, त्यातलं बरंचसं गादीत उतरतं, खाली अखंड प्लाय असल्यामुळे ते तिथेच मुरतं. पावसाळ्यात बाहेरचीच हवा ८० टक्क्यांहून दमट असते, तेव्हा दिवसाही ते वाळत नाही.

म्हणून खालच्या बंकचा प्लाय काढून पट्ट्या लावल्या आणि बाकांच्या झाकणांना इंचभराची भोकं पाडली. वरच्या बंकला नवार विणली. हे सुचवल्यावर काका खूश झाले, त्यांच्या लहानपणी घरी नवारीचा पलंग होता. मुलाच्या वजनाला नवार उत्तम. प्लायच्या सात-आठ किलोंपुढे ती काहीच नाही, आणि खालून पूर्ण मोकळी. ती सैल पडते हे खरं, म्हणून पायथ्याकडे दोरी ठेवली, ओढून ताणता येते. आणि कठडा केला, गादीच्या वर वीतभर येईल असा, काढता-घालता येणारा. वजन पेलायची फ्रेम मी स्वतः वर बसून बघितली.

इथेच एक धोकादायक गोष्ट सापडली. बाकाच्या पेटीच्या तळाला, गॅसची नळी जाते तिथे, बांधणाऱ्याने जमिनीत भोकं ठेवली होती. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, तो बाहेर पडावा म्हणून ती भोकं. घरच्यांनी त्यांवर पांघरुणं कोंबली होती, ‘धूळ येते’ म्हणून. पांघरुणं तिथून हलवली आणि भोकांवर बारीक जाळी बसवली. त्या जागी आता काहीही ठेवायचं नाही, हे नातीने रंगीत खडूने पेटीच्या आत लिहून ठेवलंय.

अंथरूण घालणं

पलंग कितीही चांगला केला तरी तो रोज रात्री दमलेल्या माणसाने, उभं राहायला जागा नसताना मांडायचा असतो. मांडायला कटकट झाली की माणसं अर्धवट मांडतात, एखादी गादी ‘राहू दे आता’ म्हणून तिरकीच राहते, आणि सकाळी कंबर धरते. माझ्या मते अशा जागेतल्या अर्ध्या तक्रारी इथेच जन्मतात.

काकूंच्या माहेरची एक गोधडी होती, जुन्या नऊवारींची, घट्ट टाके घातलेली, तीनेक किलोंची. मेमरी फोमच्या जागी ती आली. इंचाचा खड्डा गोधडी झाकू शकत नाही, पण खड्डा गेल्यावर उरलेली दोऱ्याएवढी शिवण ती नक्की विसरायला लावते. घाम टिपते आणि सकाळी दोरीवर टाकली की तासाभरात वाळते. तिच्या चार कोपऱ्यांना बंद शिवले आणि चादरीलाही. आता गोधडी आणि चादर एकत्रच घडी होतात, एकत्रच उलगडतात.

आणि ते लोड. प्रत्येकासाठी एक खोळ, दोन फूट लांब. सकाळी आपलं पांघरूण, उशीचा अभ्रा, रात्रीचे कपडे सगळं तिच्यात भरून तोंड आवळायचं की लोड तयार. दोन लोड त्या ८ इंचांच्या ठोकळ्यावर बसतात आणि तिथे पाठीला आधार होतो. अंथरूण ठेवायला वेगळी जागा लागत नाही. काकांनी माळ्यावरून त्यांचा रेल्वेच्या काळातला होल्डॉल काढून दाखवला, तो मात्र या जागेला फार मोठा होता.

आता क्रम असा पडलाय. नात पहिली वर जाते, पुस्तक आणि छोटा दिवा घेऊन. ती खाली असेपर्यंत कुणाचंच काम होत नाही. मग काका बाहेर. मुलगी आणि काकू टेबल उचलून बाहेर देतात, पट्ट्यांची माळ उलगडतात, बाकाच्या गाद्या फिरवतात, बटण उशाकडे करून मोठी गादी, मग छोटी, वर गोधडी. काका पुढच्या भिंतीकडे झोपायचे ते वाऱ्यासाठी. आता ते आतल्या वाटेच्या कडेला झोपतात, रात्री उठले तरी कुणाला पत्ता लागत नाही. वाऱ्याऐवजी त्यांच्या उशाशी १२ व्होल्टचा छोटा पंखा अडकवला.

काका बाहेर जातात ते पाणसळ बघायला. आडवं झोपायचं तर कॅरव्हान आडवी समतल हवी, नाहीतर डोकं खाली आणि पाय वर. वाडीतली जमीन रेतीची, रात्रीतून एक चाक खचतं. आधी खचणाऱ्या चाकाखाली फळी सरकवायची, मग पुढचं छोटं चाक वर-खाली करून लांबीची पातळी साधायची, आणि सगळ्यात शेवटी चार कोपऱ्यांचे पाय टेकवायचे. ते पाय फक्त डुलणं थांबवायला असतात, त्यांच्यावर कॅरव्हान उचलायची नाही. काका आधी नेमकं तेच करत होते, एक पाय वाकलेलाही होता.

आत्ताची स्थिती

काकूंची कंबर पूर्ण बरी झाली असं मी म्हणणार नाही, त्यांना घरीही त्रास आहेच. पण कॅरव्हानमधल्या सकाळी घरच्या सकाळींपेक्षा वाईट राहिल्या नाहीत. मुलीची उंची ५ फूट ५ इंच आणि बंक ६८ इंच, उशी घेतली की पाय दुमडावे लागत. पायथ्याच्या कपाटाला आतून आठ इंचांचं भोक कापलं, आता पाय कपाटात जातात. नातीला हे विलक्षण विनोदी वाटतं. मेमरी फोमचा थर बोरिवलीच्या दिवाणावर गेला. जूनच्या आत सगळ्या गाद्या घरी येतात, तेवढे चार महिने कॅरव्हान रिकामी राहते, कारण बंद पत्र्याच्या खोलीत पावसाळाभर फोम ठेवून तो चांगला राहावा असा उपाय माझ्याकडे नाही.

टेबलालाही अजून नीट जागा सापडलेली नाही. प्रवासात ते खालच्या बंकवर आडवं बांधून नेतात, आणि मुक्कामी पोचल्यावर आधी ते बाहेर काढल्याशिवाय आत कुणालाच शिरता येत नाही.